सुतात सातशे

कोल्हापूरहून नागपूर किती लांब, हे तुम्ही कशात बसणार त्यावर ठरतं. महाराष्ट्र एक्सप्रेसला विचारलंत तर बाराशे किलोमीटरहून जास्त, आणि एक अख्खा दिवस अधिक एक अख्खी रात्र. गाडी काढून रत्नागिरी-नागपूर महामार्गाला लागलात तर सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत आठशेच्या वर. आणि नकाशावर उजळाईवाडीच्या विमानतळापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत दोरा ताणलात तर सातशे किलोमीटर, त्याहून फार तर एक-दोन जास्त. दिशा ईशान्य, आणि ती इतकी नेमकी की कोनमापक लावला तर पंचेचाळीस अंशांच्या आसपासच भरेल.

सातशेचे बाराशे कसे झाले, हे विमानात बसण्याआधी बघून घेतलेलं बरं. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते ती मिरज, सातारा करत आधी उत्तरेला पुण्याला जाते. तिथून दौंड, अहिल्यानगर, मनमाड. मनमाडला पोचल्यावर कुठे ती पूर्वेचा विचार करायला लागते, आणि मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर आणि शेवटी गोंदिया. एकूण १,३४६ किलोमीटर, आणि सगळे महाराष्ट्रातच. कर्णाची वाट असताना काटकोनाच्या दोन्ही बाजू चालायच्या, असा हा हिशेब. कारण रूळ पडले तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. मुंबईकडून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती कापसाच्या ओढीनं. कोल्हापूर संस्थानात मिरजेहून रेल्वे आली १८९१ मध्ये. या दोन टोकांच्या मधला मोठा तुकडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या रेल्वेचं तोंड हैदराबादकडे. कोल्हापूर आणि नागपूर सरळ जोडावं, अशी इंग्रज, कोल्हापूर आणि निजाम या तिघांपैकी एकाही सरकारला गरज वाटली नाही. त्यातल्या त्यात तिरकी धाव घेतली ती बार्शी लाइट रेल्वेनं. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी असा छोटा तुकडा सुरू झाला आणि १९२७ पर्यंत ही चिमुकली नॅरोगेज लातूरपासून पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर पसरली. आज त्याच वाटेवरच्या ब्रॉडगेजवरून नागपूर-कोल्हापूर अशी दुसरी एक गाडी धावते, पंढरपूर, लातूर, परभणी, हिंगोली, अकोला अशी. तिचं अंतर हजाराच्या आसपास येतं, पण ती रोज नसते.

या प्रवासाचा एक जुना प्रवासी आठवतो. ३० मे १९२० रोजी नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद सुरू झाली, तिचे अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज. त्याआधी दोनच महिने, मार्चमध्ये, माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांना लोकांसमोर पुढारी म्हणून उभं केलं होतं. कोल्हापूर-पुणे रेल्वे तेव्हा मीटरगेज होती, पुण्याच्या पुढे ब्रॉडगेज. म्हणजे रेल्वेनं जाणाऱ्याला, मग तो छत्रपती का असेना, वाटेत डबा बदलावाच लागे. शिवाय मे महिन्यातला खानदेश आणि वऱ्हाड. आज या वाटेच्या एका टोकाच्या विमानतळाला शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांचं नाव लावतात आणि दुसऱ्या टोकाच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. हे कुणी जुळवून आणलेलं नाही, पण जुळलंय खरं.

राजाराम महाराजांच्या काळातच, १९३९ मध्ये, उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला. पुढं कित्येक वर्षं तिथं विमानापेक्षा वारंच जास्त उतरत असे. उडान योजनेत २०१८ पासून हालचाल सुरू झाली, २०२४ च्या मार्चमध्ये काळ्या दगडी कमानींची नवी इमारत उघडली, आणि २०२५ मध्ये स्टार एअरचं कोल्हापूर-नागपूर थेट विमान आलं. कंपनी संजय घोडावत समूहाची, म्हणजे तशी कोल्हापूरजवळच्या अतिग्र्याची, घरचीच. त्याआधी नागपूर गाठायचं तर मुंबईला किंवा हैदराबादला विमान बदला, नाहीतर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये आडवं व्हा.

शहरातून विमानतळ नऊ-दहा किलोमीटर. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं निघाल्यासा?" नागपूर म्हटल्यावर त्यानं आरशातून बघितलं. "किती टाईम लागतंय?" सव्वा-दीड तास. "मग आमची येष्टी तवर कराडातबी पोचत न्हाई की वो!" यात अतिशयोक्ती फारशी नाही. महामार्गाचं काम चालू असताना कराडचा प्रवास कसा होतो, हे ज्यानं केला त्याला विचारा.

तिकिटावरचा वेळ आणि हवेतला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळापत्रकातला वेळ मोजतात तो विमान उभ्या जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या टोकाला उभ्या जागेवर थांबेपर्यंत. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. कोल्हापुरात विमान आधी धावपट्टीवर येतं, तिच्यावरूनच टोकापर्यंत रांगत जातं आणि तिथं गर्रकन वळून मग पळायला लागतं. धावपट्टी सुमारे १,९०० मीटरची, आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर. उंचीवर हवा विरळ, उन्हाळ्यात तापून आणखी विरळ, त्यामुळे विमानाला उचलायला पळ जास्त लागते. म्हणून इथं ७६ आसनांचं एम्ब्रेअर १७५ किंवा पंख्याचं एटीआर दिसतं. मोठी विमानं यायची तर धावपट्टी वाढली पाहिजे, आणि ते काम हाती घेतलेलं आहे. एम्ब्रेअरची एक गोष्ट मला मनापासून आवडते: दोन-दोन अशा जागा, मधली सीट नाहीच. शेजारच्याच्या कोपराशी फक्त एकाच बाजूनं भांडायचं.

कोल्हापूरच्या धावपट्टीच्या टोकांवर ०७ आणि २५ हे आकडे असतात. त्यांना शून्य जोडा: सत्तर अंश आणि दोनशे पन्नास अंश, म्हणजे पट्टी साधारण पूर्व-पश्चिम. पूर्वेच्या अंगाला उड्डाण झालं तर विमान जवळजवळ नागपूरच्याच दिशेनं सुटतं. पण विमान उडतं वाऱ्याला सामोरं जाऊन, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात वारा पश्चिमेचा. तेव्हा आधी पश्चिमेला, नागपूरकडे पाठ करून उडायचं आणि मग वळसा. पाच-सात मिनिटं तिथंच जातात, आणि खिडकीशी बसलेला नवखा प्रवासी घाबरतो की आपण चुकून गोव्याच्या विमानात बसलो.

मी डाव्या खिडकीला होतो, आणि सकाळचं विमान असेल तर इतरांनाही तीच सांगीन. ऊन उजवीकडून येतं, शिवाय बघण्यासारखं बरंचसं डाव्या हाताला आहे. उसाचे हिरवे चौकोन मागं पडतात, सांगली उजव्या पंखाखाली राहते, आणि सांगोल्याच्या आसपास जमिनीचा रंग एकदम पिवळट-तपकिरी होतो. कुणी रेघ मारावी तसं. पाऊस अडवणारा सह्याद्री मागं राहिला की काय होतं, ते शाळेत पर्जन्यछायेचा धडा दहा वेळा वाचूनही कळलं नव्हतं ते या दहा मिनिटांत कळतं. डाळिंबाच्या बागांचे ठिपके, शेततळ्यांचे निळे प्लॅस्टिक अस्तर लावलेले चौकोन, दूर डावीकडे उजनीचं चकाकणारं पाणी.

मग पंढरपूर. उजळाईवाडी आणि सोनेगाव यांच्यामध्ये ताणलेला दोरा पंढरपूरच्या इतक्या जवळून जातो की चार-सहा किलोमीटरचाच फरक. विमानं अगदी सुतात जात नाहीत हे खरं. त्यांना आकाशात ठरवून दिलेल्या बिंदूंवरून, नियंत्रकाच्या सांगण्यानुसार जावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्ष उडालेलं अंतर सरळ रेषेपेक्षा थोडं वाढतंच. पण त्या दिवशी भीमेचं अर्धचंद्रासारखं वळण खिडकीत स्वच्छ दिसलं. देऊळ काही एवढ्या उंचीवरून ओळखू येत नाही. नदीचा वाळूचा पट्टा आणि त्याला चिकटलेलं गाव, एवढंच. उड्डाणाला जेमतेम पाव तास झाला होता.

शेजारी बसलेल्या काकू नागपूरच्या, इचलकरंजीला दिलेल्या लेकीकडून परत निघालेल्या. त्यांनी माझ्या अंगावरून वाकून बघितलं आणि बसल्या बसल्या हात जोडले. "आधी महाराष्ट्र एक्सप्रेसनं येत जाओ भाऊ आम्ही," त्या म्हणाल्या. "भुसावळ येयेपर्यंत डबा संपून जाये. मंग पोट्टे भुकेले. आता काय, बसलं नाही का उतरलं बाप्पा." लेकीनं दिलेली चटणीची बरणी सुरक्षा तपासणीत काढून घेतली नाही, याचंच त्यांना सर्वांत जास्त समाधान होतं. चटणी कोरडी होती. तेलातलं लोणचं असतं तर केबिनच्या पिशवीतून गेलं नसतं.

आता हवेतल्या वेळेचा हिशेब. वैमानिक किलोमीटर मोजत नाहीत, सागरी मैल मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि हा आकडा आला पृथ्वीवरून: अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग एवढा होतो. कोल्हापूर-नागपूर अंतर सुमारे ३८० सागरी मैल. एम्ब्रेअर उंचीवर गेलं की ताशी आठशे किलोमीटरच्या पुढं-मागं धावतं. सातशे भागिले आठशे, म्हणजे बावन्न-त्रेपन्न मिनिटं, असं तिसरीतला पोरगाही सांगेल. पण विमान पूर्ण वेगानं धावतं ते फार थोडा वेळ. तीसेक हजार फुटांवर चढायला वीसेक मिनिटं आणि दोनशे किलोमीटर खर्ची पडतात. उतरण्याचा वैमानिकांचा जुना आडाखा आहे: जितके हजार फूट उतरायचं, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी सुरुवात करायची. तीस-बत्तीस हजारांवरून यायचं तर शंभराच्या आसपास सागरी मैल, म्हणजे एकशेऐंशी-नव्वद किलोमीटर. सातशेतून हे दोन्ही वजा केले की उरतात तीनशेच्या आसपास, आणि तेवढेच काय ते सपाट, भरधाव उडण्याचे. ते पंचवीसेक मिनिटांत संपतात. अशी मिनिटं जुळवत गेलं की हवेतली सत्तरेक मिनिटं होतात, आणि दोन्ही टोकांचं रांगणं धरून सव्वा तासाच्या वर.

हाच हिशेब जमिनीवर उतरवून बघताना मजा वाटली. चढण संपते सोलापूर जिल्ह्यात, मोहोळच्या आसपास. उतरण सुरू होते पुसद-उमरखेडच्या टापूत. म्हणजे पश्चिम महाराष्ट्र चढताना ओलांडायचा, मराठवाडा सपाटीवरून आणि विदर्भ उतरताना. हवाई सुंदरी पाण्याचा ट्रे घेऊन येते ती बरोबर मराठवाड्यावर.

वाऱ्याचा हात यात असतोच. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर त्या उंचीला वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. जाणं लवकर, येणं उशिरा, असा काही मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात वरच्या थरातले वारे पूर्वेकडून वाहायला लागतात, मग परतीचा प्रवास सोपा. तिकिटावर दोन्ही बाजूंचे वेळ वेगळे छापलेले दिसले तर त्यात कंपनीचा गोंधळ नसतो.

धाराशिव उजवीकडे राहिलं, अंबाजोगाई डावीकडे. बालाघाटच्या डोंगरांच्या कडा वरून कुरतडलेल्या दिसतात. आणि पुढं गोदावरी. सरळ रेषा गोदावरीला छेदते ती गंगाखेडपाशी. गंगाखेड जनाबाईंचं गाव. तिथून लहानपणी त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी आल्या. म्हणजे त्यांचं माहेर आणि त्यांचं पंढरपूर, दोन्ही याच एका दोऱ्यावर, एकमेकांपासून सुतात दोनशे किलोमीटरवर. विमानाला ते पंधरा-सोळा मिनिटांचं काम. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तेवढी लहान पोरगी, कशी आली असंन!" आणि पुन्हा हात जोडले.

खिडकीतून बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. पंचगंगा, कृष्णा, भीमा, सीना, मांजरा, गोदावरी, पैनगंगा, वर्धा: या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक नदी आग्नेयेकडे किंवा पूर्वेकडे वाहते, आणि आपण जातो ईशान्येला. म्हणजे प्रत्येक नदी आडवी. माणसं, बैलगाड्या, फौजा पूर्वी नद्यांच्या काठानं नाहीतर घाटांच्या तोंडाकडे सरकत. इतक्या नद्यांना काटकोनात छेदत जाणारी वाट कुणी कशाला धरील? संस्थानांच्या सीमा हे एक कारण झालं, नद्या हे दुसरं. आता प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग साधारण याच तिरक्या पट्ट्यातून, वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, सुमारे ८०० किलोमीटर न्यायचा घाट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा त्याला कडवा विरोध आहे, आणि वरून ती बारमाही काळी जमीन बघितल्यावर तो का आहे हे कळायला आंदोलनात जावं लागत नाही. आकाशात रेघ मारायला कुणाचा सातबारा आड येत नाही.

इसापूर धरणाचं पाणी दिसलं की पैनगंगा आणि विदर्भ. कापसाची काळी रानं, मध्ये सागाच्या जंगलाचे पट्टे. यवतमाळ डावीकडे, मग वर्धा नदी, मग वर्धा शहर, आणि विमानाची चाकं खाली आल्याचा तो धडधडाट. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची. कोल्हापूरच्या मानानं मैदानच. कोल्हापुरातली ब्रेकची करकच इथं जाणवत नाही. जमीन इथं निम्म्या उंचीवर, जेमतेम ३१० मीटर, आणि दार उघडल्यावर लागणारी हवा ते लगेच सांगते. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण रेखांशात पावणेपाच अंशांचा फरक असल्यामुळे नागपूरचा सूर्य कोल्हापूरच्या सुमारे १९ मिनिटं पुढं चालतो. सातशे किलोमीटर उडायला लागणाऱ्या वेळाचा हा चौथा हिस्सा.

नागपूरला विमानांचं अप्रूप नाही. देशाच्या मध्यावरचं ठिकाण म्हणून १९४९ मध्ये इथं रात्रीच्या टपाल विमानांची सेवा सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. जवळपास पाव शतक हा रात्रीचा बाजार चालला. या चार टोकांत कोल्हापूर कुठून असणार? १९५३ च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला भरवायचं ठरलं, आणि ते भरायला लागल्यापासून दक्षिणेकडच्या आमदारांचं आणि त्यांच्यामागून निवेदनं घेऊन जाणाऱ्यांचं येणं-जाणं वाढलं. तेही पुण्या-मुंबईवरूनच.

वर्धा रोडवर एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन आहे. टर्मिनलच्या दारात मात्र ते नाही, सामान जास्त असेल तर रिक्षाच धरावी. मेट्रोची नारंगी मार्गिका सीताबर्डी ओलांडून झिरो माइलला सोडते. तिथला वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असतात. भारताचा मध्यबिंदू म्हणून त्याची ख्याती. मुळात ते महासर्वेक्षणाचं १९०७ मधलं प्रमाणचिन्ह. खांबाच्या तळाशी गावांची नावं आणि मैल कोरलेत: हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा. मध्य प्रांताच्या राजधानीचं जग ते. पुणं, कोल्हापूर शोधूनही सापडत नाही, आणि सापडायचं कारणही नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. विमान रोजचं आहे असं धरून चालू नका, वार बघूनच बेत आखा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ढग खाली उतरतात तेव्हा पुढची गाठभेट त्याच दुपारची ठेवू नका. घरातून निघण्यापासून नागपुरात मुक्कामी पोचेपर्यंत चार तास धरावेत: त्यात सव्वा तास हवेतला, बाकी रांगेतला, रिक्षातला आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहण्याचा. आणि चटणी नेणार असाल तर कोरडीच न्या.